विहिरीतले मातीचे तेल

वर्ध्याच्या भाजीबाजारात सांभार घेणारे गिऱ्हाईक आधी जुडीची दोन पाने चुरते आणि बोटे नाकाशी नेते. पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते आमच्याकडे सांभार. पाने चुरायला भाजीवाल्या हरकत घेत नाहीत. उलट चांगल्या वासाची जुडी त्या मुद्दाम वर ठेवतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका उन्हाळ्यात, या सवयीने एका बाईचा धंदा बसायची वेळ आणली.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो आणि बोरगाव मेघेत भाड्याने राहत होतो. आमच्या घरची भाजी जिच्याकडून येई तिला सारा बाजार मावशी म्हणत असे. शहराबाहेर तिचे आणि तिच्या नवऱ्याचे थोडे शेत होते. काळी जमीन, एक विहीर, विहिरीवर डिझेलचे इंजिन. मेथी, पालक, वांगी आणि बारमाही सांभार. शेताच्या एका अंगाला तेलाच्या डेपोची उंच भिंत होती आणि भिंतीवरून पांढऱ्या गोल टाक्यांची डोकी दिसत. तो डेपो आता तिथे नाही. गावाचे नाव देत नाही, कारण घरे तीच आहेत.

त्या सकाळी माझ्यापुढे एक बाई उभी होती. तिने पाने चुरली, हुंगली आणि जुडी परत पाटीत ठेवली.

"मावशी, हे सांभार होय का कंदिलाची वात?"

"काऊन वं?"

"मातीच्या तेलाचा वास येते ना."

"तुह्या हाताचा असंन. चूल पेटवून आली असशीन."

"माह्या घरी गॅस हाय," ती बाई म्हणाली आणि शेजारच्या पाटीकडे वळली.

ती पाटी एका म्हाताऱ्याची होती. त्याचे शेत मावशीच्या शेताला लागूनच होते, डेपोपासून पलीकडच्या बाजूला. त्याने जुडी देता देता, कोणाकडे न पाहता, म्हटले, "आता मेथी तेलात वेगळी तळाले नोको. तळूनच येते."

माझ्या पिशवीत वांगी टाकताना मावशी हळू म्हणाली, "भाऊ, त्या बाईचं खोटं नाई. इहिरीच्या पान्याले वास येऊन राह्यला. पंधरवडा झाला असंन. तुमी पेपरवाले, येऊन पाहजा एकदा."

'मातीचे तेल' हा आमच्या भागातला रॉकेलचा शब्द. हिंदीतल्या 'मिट्टी के तेल'वरून आलेला. शहरात तो रेशनच्या दुकानातल्या निळ्या तेलापुरता आहे. खेड्यात त्याची हद्द मोठी. इंजिनातून गळते ते, एस. टी.च्या खाली ठिबकते ते, टँकरच्या मागे वास मारते ते, सगळे मातीचेच तेल. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे या शब्दावरून घडले.

मावशीच्या नवऱ्याने माझ्याआधी तहसील कार्यालयात अर्ज दिला होता. 'आमचे विहिरीत मातीचे तेल निघत आहे तरी चौकशी व्हावी.' अर्ज पुरवठा शाखेकडे गेला. रॉकेलचा विषय त्यांचाच. त्या दिवसांत रॉकेलचा काळाबाजार चाले आणि लोक डबे कुठे कुठे लपवत. पुरवठा निरीक्षक मोटारसायकलवरून शेतात आला, त्याने शिधापत्रिका मागितली आणि विहिरीत साठा कोणाचा आहे असे विचारले. नवऱ्याने बादली सोडून पाणी वर काढले. निरीक्षकाने वास घेतला.

"एवढं पाणी घातलेलं तेल कोण घेणार?" असे म्हणून तो निघून गेला. ही हकिकत पुढे त्यानेच मला हसत सांगितली. त्याच्या लेखी चौकशी संपली होती.

मी शेतावर गेलो तेव्हा विहिरीवर वाकल्यावर वास स्पष्ट येत होता. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगत होते. नवरा इंजिनाजवळ उकिडवा बसला होता. तो कमी बोलणारा माणूस होता. इंजिनाखालची जमीन काळी, तेलकट झाली होती, हेही मी पाहिले आणि लिहून घेतले.

त्यानंतर डेपोच्या व्यवस्थापकांना भेटलो. ते नागपूरचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी मला चहा दिला आणि खिडकीतून टाक्या दाखवल्या.

"त्या बाई काय म्हणतात? मातीचं तेल. बरोबर? आमची मातीच्या तेलाची टाकी ती तिकडे, रुळांच्या बाजूला. त्यांच्या भिंतीला लागून आहे ती पेट्रोलची. मग मातीचं तेल अख्खं आवार ओलांडून, पेट्रोलच्या टाकीला वळसा घालून त्यांच्या विहिरीत गेलं का? सांगा तुम्हीच."

"मग वास कशाचा?"

"त्यांचं इंजिन पाहिलंत ना? मग मला काय विचारता."

तक्रार तोवर जिल्हा कार्यालयात गेली होती, तिथेही त्यांनी हेच कळवले होते. त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मी दोन्ही बाजू लिहिल्या. डेस्कने बातमी निम्मी केली आणि 'विहिरीत तेल' असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी एका जमीन दलालाने मावशीच्या घरी जाऊन, सरकार जमीन घेण्याआधी मलाच द्या, असे सुचवले.

मावशीपुढचा प्रश्न वेगळा होता. तेल इंजिनाचे ठरले तर विहीर तिनेच नासवली असे होणार होते. त्या पाण्यावर भाजी करायला बंदी आली असती, विहीर साफ करण्याची जबाबदारी कोणावर राहिली नसती, आणि बाजारात तिच्या पाटीपुढे कोणी थांबले नसते. तेल डेपोचे ठरले तर निस्तरायचे डेपोने. मधले काही नव्हते.

जिल्हा कार्यालयाने अखेर नागपूरहून सरकारी प्रयोगशाळेतला एक रसायनतज्ज्ञ बोलावला. तो मूळचा कोल्हापूरकडचा, सडपातळ, चाळिशीच्या आतला. जीपमधून त्याने एक घण, एक जाड सळई, खालच्या टोकाला भोके पाडलेल्या बारीक लोखंडी नळ्या, एक हातपंप आणि लाकडी पेटी उतरवली. पेटीत कापसात ठेवलेल्या काचेच्या बारीक नळ्या होत्या, दोन्ही टोके वितळवून बंद केलेल्या, आत नारिंगी पूड.

मावशीने विचारले, "पानी नाई का नेत शिशीत?"

"पाणी नेतोच. पण पाण्यात तेल आहे हे तुम्हालाही माहीत आहे. ते कुठून आलं हे पाणी सांगत नाही. जमिनीतली हवा सांगते."

"जमिनीत हवा राह्यते?"

"राहते. आणि जवळ पेट्रोल, रॉकेल असलं तर त्याची वाफ त्या हवेत मिसळते."

"रॉकेल?"

"म्हणजे मातीचं तेल," मी म्हटले. त्याने मान डोलावली. शब्द त्याला नवा होता.

काम साधे दिसे, पण सावकाशीचे होते. सळई घणाने ठोकून खोल भोक पाडायचे. सळई उपसून नळी घालायची. नळीभोवती वर चिखल थापायचा, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. पंपाचे पहिले काही दट्टे ओढून ती हवा फुकट घालवायची. मग काचेच्या नळीची दोन्ही टोके मोडायची, ती नळी आणि पंप यांच्यामध्ये बसवायची आणि जमिनीतली हवा हळूहळू पुडीतून ओढायची. तेलाची वाफ असेल तर नारिंगी पूड तपकिरी-हिरवट होत जाते. रंग जितका पुढे सरकेल तितकी वाफ जास्त. काचेवर रेघा असतात, त्या वाचायच्या. अशी भोके भिंतीपासून विहिरीपर्यंत एका ओळीत घ्यायची होती. वाफ जिकडे वाढत जाईल तिकडे तेलाचे मूळ.

घण मारायला मावशीचा नवरा होता. पहिले भोक झाल्यावर त्याने खिशातून बिडी काढली.

"ती नको," रसायनतज्ज्ञ म्हणाला.

"डेपो तर तिकडे हाय साहेब. माह्या बिडीनं काय होते?"

"बिडी इथं, वाफ इथं. डेपो तिकडेच राहील. आपण दोघं वर जाऊ."

नवऱ्याने बिडी कानामागे खोचली. मोजणी झाली त्या दोन्ही दिवशी ती तिथेच होती.

व्यवस्थापकही आले होते. छत्री उघडून ते भिंतीच्या सावलीत उभे राहिले. भिंतीलगतच्या पहिल्या भोकातून हवा ओढली, पूड नारिंगीच राहिली. दुसऱ्या भोकातही तेच, तिसऱ्यातही. विहिरीजवळ, अलीकडच्या कोरड्या जमिनीत, रंग किंचित हलल्यासारखा वाटला. शेवटचे भोक इंजिनापाशी घेतले. तिथे पुडीच्या टोकाशी हिरवट डाग स्पष्ट उमटला. लहान, पण स्पष्ट.

व्यवस्थापकांनी छत्री मिटली. "झालं ना?" ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, काम संपल्याचा सूर होता.

"काय निंगालं?" मावशीने विचारले. रसायनतज्ज्ञाने दिसले तेवढे सांगितले.

"म्हंजे आमचंच?"

मावशी नवऱ्याकडे वळली. "म्या म्हनलं होतं तुमाले, इंजनाखाली डबा ठेवा. ठेवला?"

"ठेवलता."

"कवा? डब्यात तर कोंबडीनं अंडे घातले."

नवरा सळईला टेकून खाली बसला. मला वाटले, बातमी इथे संपली. मी टिपणेही बंद केली.

रसायनतज्ज्ञ मात्र परत भिंतीकडे चालत गेला. चैत्र संपत आला होता. विहिरीच्या आणि भाजीच्या वाफ्यांच्या आसपास जमीन ओलसर होती, पण भिंतीपासून वाफ्यांपर्यंतची पट्टी पडीक होती. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडतात तशा भेगा तिथे पडल्या होत्या. त्याने एका भेगेत हात घातला. मनगट आत गेले, तरी बोटांना तळ लागेना.

"टाक्यांच्या इतक्या जवळ काहीच नाही, हे मला पटत नाही," तो व्यवस्थापकांना म्हणाला. "आवारात शिरल्यावर वास येतो. या भिंतीपाशी थोडं तरी यायला हवं होतं. मी वर चिखल थापून नळीचं तोंड बंद करतो आणि शेजारून अख्खी जमीन उघडी. पंप ओढतोय ती वरची हवा. जमिनीतली वाफ भेगांतून केव्हाच उडून जातेय. इंजिनापाशी जमीन ओली आहे, मिटलेली आहे, म्हणून तिथलं तेवढं कळलं."

"मग?"

"ही पट्टी भिजवायची. काळी माती फुगते, भेगा मिटतात. मग परत घ्यायचं."

व्यवस्थापकांनी थोडा विचार केला. "पाणी कुठलं? त्या विहिरीचं टाकलंत तर मी हरकत घेणार."

"घ्यायलाच हवी. या विहिरीचा थेंबही चालणार नाही."

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिले. पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, म्हाताऱ्याची विहीर होती. मावशीने बाजारातल्या त्या दिवसानंतर त्याच्याशी बोलणे टाकले होते. तिची निम्मी गिऱ्हाइके आता त्याच्या पाटीवर होती. नवरा उठला, तर ती म्हणाली, "बसा. मी जातो."

म्हातारा वाफ्यात खुरपत होता. आम्ही धुऱ्यावर थांबलो, आवाज ऐकू येत होता.

"काऊन आली सूनबाई?"

"पानी पाह्यजे."

"माह्या इहिरीत तेल नाई मिळनार."

"तेल आमच्या घरचं हाय. पानी द्या."

म्हातारा हसला. हसता हसता त्याला खोकला लागला. मग त्याने डेपोच्या टाक्यांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. "कायले पाह्यजे?" मावशीने तिला समजले तसे सांगितले. भेगा मिटवायला. जमिनीतली हवा पाहायला.

"अन् तुमचंच तेल निंगालं तं?"

"तं माहं नशीब. तुमचं पानी वाया नाई जानार. तेवढ्या जाग्यात तुमी तूर पेरजा."

तो खुरपे टेकून उठला. "आज तुही इहीर हाय, उद्या माही राह्यन. दांड काढा, मी इंजन लावतो. पन माह्या मेथीतून दांड नोको."

दांड म्हणजे पाण्याचा पाट. तो धुऱ्याने काढावा लागला, म्हाताऱ्याच्या मेथीला आणि मावशीच्या वांग्यांना वळसा घालून. नवऱ्याने तो संध्याकाळपर्यंत पुरा केला. रसायनतज्ज्ञाने म्हाताऱ्याच्या विहिरीची एक बाटली आधी भरून घेतली आणि व्यवस्थापकांसमोर तिच्या तोंडावर कागद लावून त्यांची सही घेतली. मग पाणी सोडले. भेगांनी ते बराच वेळ नुसते गिळले. पाणी शिरताना जमिनीतून बुडबुड आवाज येत होता, आणि भिंतीकडच्या टोकाला, वाकल्यावर, वासही आला. रसायनतज्ज्ञ म्हणाला, "वासाला मी काही मोजत नाही." पण तो त्या टोकाला जरा जास्त वेळ उभा राहिला.

तो नागपूरला गेला आणि दोन दिवसांनी परत आला. मधल्या काळात मावशी बाजारात आली नाही. जाऊन करणार काय, असे तिने मला नंतर सांगितले.

भेगा मिटल्या होत्या. जमिनीचा वरचा थर चिकट, सपाट झाला होता, सळई उपसताना फटकन आवाज येई. पेटीतल्या काचेच्या नळ्या संपत आल्या होत्या, नागपुरातही आणखी मिळाल्या नव्हत्या, त्यामुळे चूक करायला जागा नव्हती. या वेळी त्याने सुरुवात उलट टोकाकडून केली. म्हाताऱ्याच्या धुऱ्यालगतही थोडी जागा भिजवून ठेवली होती, तिथे आधी. पूड नारिंगी राहिली. मग इंजिनापाशी. तोच लहान डाग. मग विहिरीजवळ, आणि इथे रंग डागाच्या पुढे गेला. तिथून भिंतीकडे प्रत्येक भोकागणिक तो आणखी पुढे गेला. शेवटच्या भोकात, भिंतीच्या पायाशी, पहिला दट्टा पुरता ओढण्याच्या आत पूड टोकापासून टोकापर्यंत बदलली.

रसायनतज्ज्ञाने नळी व्यवस्थापकांच्या हातात दिली.

"डिझेल जड असतं," तो म्हणाला. "त्याची वाफ अशी धावत नाही, ते इंजिनापाशी दिसलंच. रॉकेलची थोडी जास्त. इतकी पळते ती पेट्रोलची."

"पण बाई मातीचं तेल म्हणत होत्या," व्यवस्थापक म्हणाले. तक्रार नव्हती, ते खरेच बुचकळ्यात पडले होते.

रसायनतज्ज्ञाने मावशीला विचारले, "तुम्ही मातीचं तेल कशावरून म्हणालात?"

"त्याले दुसरं काय म्हनतेत साहेब?" मावशी म्हणाली. "वास तेलाचा हाय. मातीतून येऊन राह्यलं. मंग मातीचंच नाई का?"

व्यवस्थापकांनी काचेची नळी उन्हात धरून पुन्हा पाहिली. मग रुमालात गुंडाळून परत दिली. "पेट्रोल असेल तर ते माझंच आहे," ते म्हणाले. "इकडे दुसऱ्या कोणाकडे ते नाही. आज लाइन बंद करतो."

त्यांनी शब्द पाळला. भिंतीच्या आत, टाकीपासून टँकर भरण्याच्या जागेकडे जाणारी जमिनीखालची लाइन उकरली. एका जोडाखालची माती गर्द ओली होती. मला त्यांनी ती दाखवली आणि लिहा म्हणाले. लिहिले. डेस्कने या वेळी मथळा बदलला नाही, मात्र बातमी आतल्या पानावर टाकली.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे नाही. डेपोने विहीर अनेकदा उपसून दिली, पिण्याच्या पाण्याचा टँकर ठेवला, इंजिनाखाली सिमेंटचा ओटाही बांधून दिला. तो कोणी मागितला नव्हता. पण जमिनीत गेलेले पेट्रोल पाण्यासारखे उपसून निघत नाही. रसायनतज्ज्ञ पुढे प्रत्येक उन्हाळ्यात येई, पट्टी भिजवायला लावी, त्याच ओळीत भोके घेई. दरवेळी रंग थोडा मागे हटलेला असे. थोडाच. त्या विहिरीचे पाणी मावशीने भाजीला पुन्हा कधी लावले नाही. भाजी तिने धुऱ्याच्या बाजूला, त्या दिवशी काढलेल्या दांडावर नेली. म्हातारा पाळीने पाणी देई आणि त्याबद्दल भाजीत हिस्सा घेई. भांडणे होत. पाणी तुटले नाही.

बाजारात दोघांच्या पाट्या शेजारीच राहिल्या. गिऱ्हाइके परतायला वेळ लागला, कारण वास लवकर जातो पण नाव जात नाही. एकदा कोणीतरी थट्टा केली, "मावशी, तुही मेथी मोटारीत टाकली तं चालन का?"

"चालन," मावशी म्हणाली. "मातीचं तेल नोहतं ते. पेट्रोल होतं. महाग असते."

नंतरच्या एका हिवाळ्यात मी तिच्या पाटीपुढे उभा होतो. ती गॅसवाली बाई आली. तिने मला ओळखले नाही, मावशीने तिला ओळखले. बाईचा हात जुडीकडे जाण्याआधीच मावशीने सांभाराची चार पाने तळहातावर चुरली आणि हात पुढे केला. शेजारून म्हातारा म्हणाला, "घे वास, बिनधास्त. पानी माह्या इहिरीचं हाय."

बाई वाकली. हुंगून तिने दोन जुड्या उचलल्या आणि एक पाहून परत ठेवली.

"आता ते काऊन?" मावशीने विचारले.

"पिवळी हाय."

मावशीने ती उलटून पाहिली, पिवळे पान काढून टाकले आणि जुडी वरच्या रांगेत ठेवली.